वायर किती एमएमची?

“साहेब, वायर कितीची लावू?”

ट्रायलला आलेल्या वेल्डरनं हे विचारलं, की परीक्षा तिथंच सुरू होते. ठिणगी पडायला अजून वेळ असतो. प्लेटा ग्राइंडरखाली असतात, गॅसची नळी कुणीतरी जोडत असतो. नागापूरची एमआयडीसी घ्या, सुप्याची घ्या, नाहीतर राहुरी-श्रीरामपूरकडची उसाच्या ट्रॉल्या बांधणारी एखादी शेड घ्या; मुरलेला सुपरवायझर या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. “तूच सांग, कितीची लावतोस?” असं तो उलट विचारतो. मग बरेच जण मशीनवर आधीच चढवलेल्या रिळाकडे बघतात आणि “एक पॉइंट दोन” म्हणतात. उत्तर बरोबरही असेल. पण का बरोबर, हे सांगता येत नसेल तर पुढची सगळी कसरत नशिबावर.

आपल्याकडे या कामाला ‘सीओटू’ म्हणतात, गॅस कुठलाही असो. पुस्तकात त्याला अर्धस्वयंचलित वेल्डिंग म्हणतात, आणि त्यातला ‘अर्ध’ नेमका कुठला हे आधी पाहायला हवं. साध्या रॉडच्या वेल्डिंगमध्ये हात एकाच वेळी तीन कामं करतो. रॉड वितळून आखूड होत जातो तसा तो खाली नेत राहायचा, आर्कची लांबी राखायची, आणि सांध्यावरून पुढं सरकायचं. सीओटूमध्ये पहिली दोन कामं मशीननं घेतली. मोटर वायर पुढं ढकलते. आर्क लांबला-आखडला तर करंट आपोआप कमी-जास्त होतो, त्यामुळे वायर हळू किंवा जोरात वितळते आणि आर्क पुन्हा जागेवर येतो. हाताला उरलं फक्त सरकणं आणि टॉर्चचा कोन. रॉडवर पाच-पाच वर्षं घालवून जे कसब मनगटात यायचं, त्यातलं निम्मं मशीनच्या दोन बटणांत आणि वायरच्या जाडीत जाऊन बसलं आहे. म्हणून सीओटूच्या चाचणीत निम्मा निकाल आर्क पेटण्याआधीच लागलेला असतो.

ही पद्धत तशी फार जुनी नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये ती ॲल्युमिनियमसाठी तयार झाली, तीही महागड्या उदासीन वायूच्या आवरणाखाली. लोखंडासाठी एवढा महाग वायू कोण वापरणार? १९५३ मध्ये ल्युबावस्की आणि नोवोशिलोव्ह या सोव्हिएत तंत्रज्ञांनी कार्बन डायऑक्साइडवर काम भागतं हे दाखवलं आणि पद्धत जगभरच्या कारखान्यांत शिरली. त्या दशकाच्या अखेरीस बारीक वायरीनं, कमी करंटवर, कोणत्याही अंगानं वेल्डिंग करता येईल असा प्रकार निघाला. आपल्या गोष्टीतला खलनायक तोच आहे. त्याच्याकडे थोड्या वेळानं येऊ.

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) लोखंड जोडायची गरज कुठून आली, हे पाहिलं तर वायरीचा प्रश्न निम्मा सुटतो. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरेकाठी, लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि मग जिल्हाभर चिमण्या दिसू लागल्या. साखर कारखाना म्हणजे जाड लोखंडाचा डोंगर. ऊस वाहून नेणारे कॅरियर, टाक्या, पाइप, गाळे, चॅसी. गाळप संपलं की ऑफ-सीझनमध्ये सगळं उघडायचं, झिजलेलं भरायचं, कुजलेलं कापून नवं लावायचं. बारा, सोळा, वीस एमएमच्या प्लेटा. दुसऱ्या टोकाला दौंड रस्त्यावरचा कायनेटिकचा कारखाना. १९७२ मध्ये आलेल्या लुनाचं हे गाव. दुचाकीच्या कामात पत्रा आणि नळी दीड-दोन एमएमची. या दोन टोकांच्या मध्ये ट्रॉल्या, नांगर, रोटाव्हेटरच्या चौकटी, शेडचे ट्रस, आणि सुप्याच्या नव्या कंपन्यांना लागणारे हजार ब्रॅकेट. एकाच आयटीआयमधून, वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड करून बाहेर पडलेली दोन मुलं एक या टोकाला, एक त्या टोकाला लागतात. दोघांची वायर एक असून कशी चालेल?

(बॉयलरचा विषय इथं बाजूला ठेवतो. बॉयलरच्या दाबाखाली येणाऱ्या भागांवर काम करणाऱ्याला १९५० च्या इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सप्रमाणे वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि तिथं राज्य अजून मुख्यतः रॉड आणि टिगचंच आहे.)

आता वायर. शेडमध्ये सहसा ०.८ आणि १.२ एमएम असतात, मध्ये १.० आणि जड कामाला १.६. आकडे जवळजवळचे वाटतात म्हणून फसायला होतं. वायरीचं काम तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर चालतं, आणि ते व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ०.८ चं क्षेत्रफळ अर्धा चौरस मिलिमीटर, १.२ चं १.१३. म्हणजे सव्वादोन पट. ०.८ ची वायर मिनिटाला ९ मीटर सोडली तर जेवढं लोखंड सांध्यात पडतं, तेवढं १.२ ची ४ मीटरमध्ये टाकते. पंधरा किलोचं रीळ ०.८ चं असेल तर त्यात सुमारे ३,८०० मीटर वायर असते, १.२ चं असेल तर सुमारे १,७००.

आणि १५० अँपिअर करंट घ्या. ०.८ मधून जाताना तो दर चौरस मिलिमीटरला ३०० अँपिअरच्या घरात पडतो, १.२ मधून जाताना १३३. बारीक वायरीचा आर्क त्यामुळे टोकदार, चटकन पेटणारा, कमी करंटलाही न विझणारा. जाड वायर रुंद आणि शांत जळते, पण तिला चालू राहायलाच करंट जास्त लागतो. १.२ ची वायर १०० अँपिअरच्या खाली अडखळायला लागते. म्हणून दीड एमएमच्या पत्र्यावर तिला घेऊन बसणारा एकतर भोक पाडतो किंवा ठिपके टाकत बसतो.

किती करंट लागेल याचा एक ढोबळ हिशोब जगभरचे वेल्डर वापरतात. साधं लोखंड, जाडीच्या दर एमएमला सुमारे ४० अँपिअर. दीड एमएमला ६०, तीनला १२०–१२५. पाच एमएमपर्यंत हा हिशोब चालतो. पुढं मात्र तो मोडतो, कारण दहा एमएमच्या प्लेटेला ४०० अँपिअर लावून कुणी उभा सांधा भरत नाही. तिथं कड तासायची, व्ही करायचा आणि थर देत जायचं. त्याच १२५ अँपिअरसाठी वायर किती वेगानं सोडायची? ०.८ असेल तर मिनिटाला सहा मीटरच्या वर, १.२ असेल तर तीनच्या थोडं वर. सीओटू मशीनवर करंटचं म्हणून जे बटण असतं, ते खरं तर वायरच्या वेगाचं बटण असतं. वेग वाढवला की तेवढी वायर वितळवायला मशीन करंट ओढून घेतं. हे एकदा डोक्यात बसलं की बटणांची निम्मी भीती जाते.

दुसरं बटण व्होल्टेजचं. त्यासाठी एक सूत्र पाठ करून ठेवावं असं आहे: करंटला ०.०५ नं गुणा आणि त्यात १४ मिळवा. १२० अँपिअरला २० व्होल्ट, २०० ला २४, २८० ला २८. मशीन बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात हेच सूत्र मशीन तपासायला वापरतात, त्यामुळे ते आकाशातून पडलेलं नाही. यात दीड-दोन व्होल्ट इकडं-तिकडं होणारच. मिक्स गॅस असेल, म्हणजे आर्गॉनमध्ये वीसेक टक्के सीओटू, तर थोडं खाली. शुद्ध सीओटू असेल तर थोडं वर. व्होल्टेज कमी पडलं की वायर प्लेटेला ठोसे मारते, टॉर्च हातात धक्के देतो आणि बीड, म्हणजे वेल्डची उमटलेली ओळ, दोरीसारखी उंच, अरुंद बसते. जास्त झालं की आर्क लांबतो, थेंब मोठे होतात, छर्रे उडतात, बीड पसरते आणि कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडतो. यातलं बरोबर ठिकाण कानानं सापडतं. कमी करंटच्या कामात वायर सेकंदाला वीसपासून दोनशे वेळा प्लेटेला टेकून सुटत असते. हे टेकणं सारखं झालं की सलग, बारीक चरचर ऐकू येते. मध्येच फट्-फट् आलं तर बटण हलवा.

दुसऱ्याच्या मशीनवरचा आकडा मात्र जसाच्या तसा उचलू नये. स्क्रीनवर दिसणारं व्होल्टेज मशीनच्या तोंडाशी मोजलेलं असतं. तिथून दहा-पंधरा मीटर केबल, सैल अर्थ, गंजलेलं टेबल, एवढं ओलांडून आर्कपर्यंत पोचताना त्यातलं काही वाटेतच सांडतं.

तिसरं एक बटण आहे, जे मशीनवर नसतंच. टिपच्या बाहेर वायर किती लोंबते आहे, ते अंतर. कमी करंटच्या कामात ते वायरीच्या व्यासाच्या साधारण दहापट, म्हणजे १० ते १५ एमएम असावं. हे बाहेर लोंबणारं टोक स्वतःच्याच विरोधानं तापतं. टोक लांबलं की ते आधीच तापलेलं असल्यामुळे तेवढीच वायर कमी करंटमध्ये वितळते. वेगाचं बटण कुणी हलवलेलं नाही, तरी करंट वीस-तीस अँपिअरनं सहज खाली येतो. उभ्या सांध्यात वर-वर जाताना हात थकतो, टॉर्च प्लेटेपासून नकळत दूर होतो, आणि वेल्डरला वाटतं मशीन तसंच चालू आहे. सांध्याच्या वरच्या टोकाला पेनिट्रेशन, म्हणजे वितळण्याची खोली, कमी का पडलं, याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

आता तो खलनायक.

कमी करंट, कमी व्होल्टेज, वायर टेकते-सुटते, टेकते-सुटते. याला शॉर्ट-सर्किट पद्धत म्हणतात, शेडमध्ये शॉर्ट आर्क. पातळ पत्र्यासाठी ही देणगी आहे. जाड प्लेटेवर हाच प्रकार असा काही दिसतो, की बघणारा खूश होतो. छर्रे नाहीत, अंडरकट नाही, बीडवर नाण्यांच्या चळतीसारखी एकसारखी वळणं. आणि आत? आत वायर वितळली, पण खालची प्लेट वितळलीच नाही. नवं लोखंड जुन्या लोखंडावर नुसतं टेकून बसलं. रॉडच्या वेल्डिंगमध्ये एवढ्या थंड सेटिंगला रॉड चिकटून बसतो आणि वेल्डरला तिथल्या तिथं कळतं. इथं मोटर वायर ढकलतच राहते, आर्क पेटलेलाच राहतो, आणि मशीन चूक झाकून देतं. माझ्या मते सीओटूमधला सगळ्यात मोठा धोका हाच, की वाईट काम सुंदर दिसू शकतं.

कोड लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं होतं. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा इमारतींसारख्या बांधकामांच्या पोलादासाठीचा डी १.१ कोड वेल्डिंगच्या काही पद्धती ‘आधीच मान्य’ धरतो, त्यांची कृती पुन्हा सिद्ध करावी लागत नाही. शॉर्ट-सर्किटला त्या यादीत जागा नाही. बॉयलर आणि दाबपात्रांसाठीचा अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेचा कोड, ज्याला आपल्याकडे ‘सेक्शन नाइन’ म्हणतात, वेल्डरची परीक्षा एक्स-रे काढून घेऊ देतो. मात्र वेल्डरनं शॉर्ट-सर्किट वापरलं असेल तर ही सवलत बंद, प्लेट वाकवूनच दाखवायची. आयएसओ ९६०६ हे वेल्डर-परीक्षेचं आंतरराष्ट्रीय मानकही ठोस वायरीच्या सीओटू कामाला एक्स-रेच्या जोडीला वाकवण्याची किंवा तोडून बघण्याची चाचणी मागतं. एक्स-रेला काय कमी? एक्स-रे पोकळी पाहतो. न जुळलेली फट कागदासारखी पातळ आणि तिरपी असेल, तर किरणांच्या वाटेत लोखंड तेवढंच राहतं आणि फिल्मवर काहीच उमटत नाही.

वाकवण्याच्या चाचणीला असं फसवता येत नाही. चाचणीच्या प्लेटेतून, म्हणजे कूपनातून, पट्ट्या कापतात. बीडचा उंचवटा घासून सपाट करतात, म्हणजे ती सुंदर वळणं सगळ्यात आधी ग्राइंडरखाली जातात. मग पट्टी यू आकाराच्या साच्यात ठेवून वरून दाबायची, १८० अंश वळेपर्यंत. एका पट्टीत वेल्डचा वरचा चेहरा बाहेर ताणला जातो, दुसरीत रूट, म्हणजे सांध्याचा तळ. बाहेरच्या बाजूचं पोलाद ताणून ताणून चकाकतं, आणि जिथं जुळलेलं नाही तिथं आधी केसासारखी रेघ येते, मग ती ओठासारखी उघडते. डी १.१ प्रमाणे कोणत्याही दिशेला ३ एमएमपेक्षा मोठी फट चालत नाही. १ ते ३ एमएमच्या बारीक फटींची बेरीज १० एमएमच्या वर गेली तरी नापास. थंड सेटिंगची पट्टी तर पुष्कळदा साच्यात अर्ध्यातच मोडते, आणि मोडलेल्या तोंडावर कड तासताना पडलेल्या ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा दिसतात. तिथपर्यंत वितळलेलं लोखंड पोचलंच नव्हतं, याचा त्याहून ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

एवढं समजलं, की सुपरवायझरच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. समजा, ट्रायल दहा एमएमच्या प्लेटेची आहे, व्ही केलेला उभा सांधा, खालून वर जायचं. शेडच्या भाषेत थ्री-जी. ०.८ घ्यावी का? हाताला ती सोपी जाते, वितळलेलं लोखंड थोडं असल्यामुळे खाली ओघळत नाही. पण तिच्यावर हा सांधा भरायचा म्हणजे सगळाच शॉर्ट आर्कवर, आणि कडांना न जुळण्याची भीती प्रत्येक थरात. १.२ घेऊन करंट २५० पर्यंत न्यावा का? मिक्स गॅसमध्ये १.२ ची वायर साधारण २२० च्या पुढं थेंबांचा बारीक फवारा मारायला लागते. टेकणं-सुटणं बंद, पेनिट्रेशन खोल. आडव्या प्लेटेवर याच्यासारखं सुख नाही. उभ्या सांध्यात मात्र एवढं पातळ झालेलं लोखंड बुटावर येतं. आणि बाटलीत शुद्ध सीओटू असेल तर फवारा मिळतच नाही, कितीही करंट वाढवा.

ठोस वायरच द्यायची असेल तर मी १.२ किंवा १.० घेऊन रूट ११० ते १३० अँपिअर, १८ ते २० व्होल्टवर भरीन, वर जाताना दोन्ही कडांवर क्षणभर थांबेन, मधून झटकन जाईन. उभ्यानं खाली उतरायचा मोह टाळायचा. वरून खाली येताना वेग मिळतो, बीड सपाट येते, पण वितळलेलं लोखंड आर्कच्या पुढं पळतं आणि प्लेट वितळायच्या आधीच तिला झाकून टाकतं. कोडही वर जाणं आणि खाली येणं या दोन वेगळ्या परीक्षा मानतो.

पण निवड खरोखर माझ्या हातात असेल, तर मी फ्लक्स-कोअर मागेन. ही पोकळ वायर असते, पोटात पूड भरलेली. ई ७१ टी-१ या वर्गाची १.२ एमएमची वायर अशा कामासाठीच असते. करंट बाहेरच्या पातळ नळीतूनच जातो, म्हणून १.२ असूनही ती बारीक वायरीसारखी जोरकस जळते. पुडीचा स्लॅग चटकन गोठतो आणि वितळलेल्या लोखंडाला खालून आधार देतो. त्यामुळे उभ्या सांध्यातही १७० ते २०० अँपिअर, २४–२६ व्होल्ट लावता येतात. एवढ्या उष्णतेत कड न वितळून जाणार कुठं? टोक मात्र जरा लांब ठेवायचं, १५ ते २५ एमएम. आणि प्रत्येक थरानंतर स्लॅग अगदी कोपऱ्यातून काढायचा. इथं नापास होणारे जुळणीत नव्हे, आत दबलेल्या स्लॅगमध्ये नापास होतात. दोन्ही प्रकारांत टॉर्च पॉझिटिव्हला, अर्थ निगेटिव्हला. रॉडचं काम करून कुणी केबल उलटी जोडून गेला असेल तर आर्क कोमट आणि उड्या मारणारा येतो. तेव्हा आधी केबल बघायची, मग बटणं.

रिळावरच्या छापील नावातही थोडं वाचण्यासारखं असतं. ईआर ७० एस-६ मधला ७० म्हणजे जोडलेल्या लोखंडाची ताणशक्ती, अमेरिकन मापात दर चौरस इंचाला सत्तर हजार पौंड, आपल्या मापात ४८० मेगापास्कलच्या आसपास. एस म्हणजे ठोस. शेवटचा ६ रसायनाचा, यात मँगनीज आणि सिलिकॉन जास्त असतं. सीओटू आर्कमध्ये फुटून ऑक्सिजन सोडतो आणि हे दोघे तो पकडून काचेसारखे तपकिरी ठिपके होऊन बीडवर तरंगतात. ते ठिपके दोष नव्हेत, पण पुढचा थर द्यायच्या आधी खरवडून टाकावेत.

गॅसबद्दल नगरकरांना वेगळं सांगायला हवं, कारण इथला वारा. सुप्याची औद्योगिक वसाहत जिथं आहे, त्याच पट्ट्यात डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. ज्या पठारावर वाऱ्यावर वीज करता येते, तिथं शेडचं शटर उघडं टाकून सीओटू करायचं म्हणजे कठीणच. डी १.१ कोड गॅसखाली होणाऱ्या वेल्डिंगला वाऱ्याची मर्यादा घालतो ताशी ८ किलोमीटर. ही झुळूक झाली, वारा नव्हे. एप्रिल-मे महिन्यात पायाशी लावलेला उभा पंखा याच्या कितीतरी वर जातो. गॅस उडाला की हवेतला नायट्रोजन आत शिरतो आणि बीडवर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. यावर गॅस वाढवायचा हा सर्वांचा पहिला उपाय, आणि तोच चुकीचा. मिनिटाला १२ ते १५ लिटर पुरतात, फार वाढवला तर प्रवाह घुसळतो आणि स्वतःच हवा आत ओढतो. पडदा लावा, पंखा फिरवा, घाम पुसा.

सीओटूची बाटली हीदेखील गंमत आहे. आत द्रव असतो, त्यामुळे २० अंशाला दाब ५७ बारच्या आसपास राहतो, बाटली भरलेली असो की पाव. काटा पडायला लागला की समजावं, द्रव संपला. नगरच्या उन्हाळ्यात तर बाटली ३१ अंशांच्या पुढं तापते, आणि त्या तापमानाच्या वर या वायूचा द्रव होऊच शकत नाही. रेग्युलेटरपाशी मात्र तोच वायू पसरताना एवढा गार पडतो की भर उन्हात तिथं बर्फ धरतो. म्हणून हीटर लावतात. हा वायू येतो कुठून? एक वाट जिल्ह्यातल्याच आसवन्यांतून जाते. मळी आंबवून मद्यार्क करताना साखरेचं जवळजवळ निम्मं वजन कार्बन डायऑक्साइड होऊन निघतं. रसायनाच्या हिशोबानं ९२ ग्रॅम मद्यार्कामागं ८८ ग्रॅम. तो पकडून, शुद्ध करून बाटलीत भरता येतो. उसाची ट्रॉली जोडायला उसाचाच वायू, असा हा हिशोब आहे.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी, ज्यांवर हुशार मुलं मार खातात. टिप. वायर तिच्यातून घासत जाते आणि करंट तिथंच घेते. तांब्याचं भोक काही किलो वायरीनंतर अंडाकृती होतं, वायर कधी टेकते कधी नाही, आणि आर्क अडखळतो. मुलगा बिचारा व्होल्टेज फिरवत बसतो. ट्रायलच्या आधी नवी टिप मागून घ्यायला लाजू नये. तिच्यावर वायरीचंच माप कोरलेलं आहे ना, तेही बघावं. फीडरचे रोल ठोस वायरीला गुळगुळीत व्ही खाचेचे, फ्लक्स-कोअरला दातेरी. पोकळ वायर साध्या रोलमध्ये घट्ट आवळली की चपटी होते आणि टिपेत अडकून मागं गुंता करते. आणि कूपनाच्या दोन्ही बाजूंची इंचभर कातडी, म्हणजे मिलस्केल, पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायची.

हे झालं की भंगार प्लेटेचा तुकडा मागायचा, शक्यतो कूपनाच्याच जाडीचा आणि उभाच लावलेला. आडव्या तुकड्यावर जुळवलेली सेटिंग उभ्या सांध्याला लागू पडत नाही. दोन तुकडे काटकोनात ठेवून एका बाजूनं फिलेट मारायची, गार होऊ द्यायची, आणि घणानं उलट दिशेला मोडायची. मोडलेल्या तोंडावर रूटची मूळ कड शाबूत दिसली तर करंट वाढवा. पाच मिनिटांचं काम. ट्रायल घेणारा बघत असतो, आणि अशा वेळी मी अजून कुणाला रागावलेलं पाहिलेलं नाही.

चाचणी पास झाल्यावर हातात येणारा कागदही नीट वाचावा. डी १.१ प्रमाणे दहा एमएमच्या कूपनावर पास झालेल्याला ३ ते २० एमएमपर्यंतचं काम चालतं. त्याहून जाड कामासाठी २५ एमएमचं कूपन वेगळं. थ्री-जी पास म्हणजे खाली ठेवलेलं, आडवं आणि उभं चाललं, डोक्यावरचं नाही. त्यासाठी फोर-जी वेगळी. शॉर्ट आर्कवर दिलेली परीक्षा फवाऱ्याच्या कामाला धरत नाहीत, फवाऱ्याची शॉर्ट आर्कला धरत नाहीत. ज्या प्रश्नानं सुरुवात झाली, ती वायरीची जाडी मात्र वेल्डरच्या पात्रतेच्या अटींत येतच नाही. ती लिहिलेली असते डब्ल्यूपीएसवर, म्हणजे त्या कामाच्या कृतिपत्रावर: वायरीचा वर्ग, व्यास, करंट आणि व्होल्टेज कुठून कुठपर्यंत, गॅस कुठला, किती. मोठ्या कंपनीत तो कागद मशीनशेजारी टांगलेला असतो, आणि वेल्डरला निवड करायची असते ती त्या हद्दीच्या आत. ट्रॉलीच्या शेडमध्ये तसा कागद बहुधा नसतो, म्हणून तिथं सुपरवायझर तोंडी विचारतो. त्याला परत विचारायला हरकत नाही: प्लेट किती एमएमची, सांधा कुठल्या अंगाचा, बाटलीत काय आहे, आणि पट्टी वाकवणार की नुसती बघणार.